कागदावरचा हॉल रोड आणि पावसाळ्यातली फेरी

(कोळसा खाण कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार युनियनच्या चिटणिसांनी केलेले भाषण)



उघड्या खाणीतल्या रस्त्यांवर बोलायला रेल्वेवाल्यांना का बोलावले, असा प्रश्न काही जणांच्या मनात आला असेल. शॉव्हेलने उचललेला कोळसा डंपरमधून हॉपरवर येतो, तिथून सायडिंगवर येतो आणि सायडिंगवर आमची वॅगन उभी असते. माजरी, वणी, घुग्घुस, ताडाळी, बल्लारशा या पट्ट्यात आमच्या लोकांची निम्मी नोकरी तुमचा कोळसा वाहण्यात गेली. फेसजवळ डंपर रुतला की रेक भरायला उशीर होतो, आणि रेक थांबला की आमच्या गार्ड-ड्रायव्हरची पाळी लांबते. तेव्हा हा विषय आम्हाला अगदीच परका नाही. शिवाय चढ, वळण, वेग आणि ओढ यांचा हिशेब करण्यात रेल्वेची दीडशेहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या हिशेबात कामगाराचे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. तेवढ्या भांडवलावर आम्ही बोलणार आहोत.

पूर्वी हॉल रोड कुठून काढायचा हे मॅनेजर, सर्व्हेअर आणि ओव्हरमन जागेवर उभे राहून ठरवत. आता तो आधी संगणकावर काढला जातो. त्याला ते 'मॉडेल' म्हणतात. शब्द मोठा असला तरी गोष्ट साधी आहे. खाणीतली प्रत्येक महत्त्वाची जागा, म्हणजे शॉव्हेल, रॅम्पचा पायथा, रॅम्पचा माथा, तिठा, हॉपर, ओबी डंप, हा एक ठिपका. दोन ठिपक्यांमधला रस्ता हा एक तुकडा. प्रत्येक तुकड्यापुढे लांबी, चढ, रस्ता किती ओढ खातो तो आकडा आणि वेगमर्यादा लिहायची. मग संगणक एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत कमीत कमी वेळात जाणारी वाट शोधतो. ही शोधण्याची रीत डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जादू काही नाही. आमचा सेक्शन कंट्रोलर पेन्सिलने तक्त्यावर गाड्यांच्या रेघा ओढायचा, त्याच जातीचे हे काम आहे.

वाट सापडली की फेरीचा वेळ निघतो: भरणे, चढणे, रिकामे करणे, उतरणे, रांगेत थांबणे. फेरीच्या वेळेवरून एका शॉव्हेलला किती डंपर लागतील ते निघते. भरायला ४ मिनिटे आणि पूर्ण फेरीला २० मिनिटे लागत असतील तर ५ डंपर बरोबर बसतात. सहावा आला तर रांग लागते आणि चारच असतील तर शॉव्हेल रिकामी उभी राहते. आणि त्याच वेळेवरून, बंधूंनो, तुमच्या पाळीत किती फेऱ्या झाल्या पाहिजेत हेही निघते. रस्त्याचा नकाशा म्हणून जो कागद ऑफिसात तयार झाला, तोच पुढे तुमच्या कामाचे माप होऊन खाली येतो. आम्हाला बोलायचे आहे ते याच जागेबद्दल.

या मापात सगळ्यात नाजूक आकडा कोणता? लांबी टेपने मोजता येते, चढ सर्व्हेअर काढतो, त्यात फारसा घोळ होत नाही. घोळ होतो तो रस्ता किती ओढ खातो या आकड्यात. इंग्रजी पुस्तकात त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. आमच्या वॅगनचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते, म्हणून सपाटीवर हळू चालणाऱ्या वॅगनला टनामागे सुमारे दोन-तीन किलोची ओढ पुरते. तुमच्या डंपरचे रबरी चाक चांगल्या, दाबलेल्या, कोरड्या रस्त्यावरही टनामागे २० ते ३० किलो मागते, म्हणजे वजनाच्या दोन-तीन टक्के. चाक रुतू लागले की हा आकडा झपाट्याने चढतो. जगभरचे खाण इंजिनीअर एक ढोबळ नियम वापरतात: मुळात दोन टक्के धरायचे आणि चाक जितके सेंटिमीटर रुतेल त्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.६ टक्का वाढवायचा. चाकोरी १० सेंटिमीटर खोल, म्हणजे चार इंच झाली, की आकडा आठ टक्क्यांवर गेला.

आता वर्धा खोऱ्यातला पावसाळा डोळ्यांपुढे आणा. वर काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात ती लोण्यासारखी होते. चार इंच चाकोरी ही तिथे नवलाची गोष्ट नाही, गुडघाभर चिखलात डंपर अडकलेला तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

साधा हिशेब करू. आकडे गोल घेतो, म्हणजे तोंडी करता येतील. भरलेल्या डंपरचे एकूण वजन १०० टन धरा. म्हणजे एक टक्का म्हणजे एक टन ओढ. रॅम्पचा चढ १६ ला १, म्हणजे सव्वासहा टक्के. कोरड्या रस्त्याचे ३ टक्के मिळवा, एकूण ओढ सव्वानऊ टन झाली. या ओढीवर इंजिन ताशी १३ किलोमीटरने चढते असे समजा. एक किलोमीटरच्या रॅम्पला साडेचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल. आता पाऊस पडला, चाकोरी चार इंच झाली. चढ तोच, पण रस्त्याचे ८ टक्के. ओढ सव्वाचौदा टन. इंजिनची ताकद तीच, म्हणून वेग साडेआठच्या आत येतो आणि त्याच रॅम्पला सात मिनिटे लागतात. एका रॅम्पवर अडीच मिनिटे गेली. उतरताना घसरण्याच्या भीतीने हात आवरता घ्यावा लागतो, तिथे आणखी अर्धे मिनिट धरा. २० मिनिटांची फेरी २३ मिनिटांची झाली. प्रत्यक्ष कामाचे साडेसहा तास धरले तर १९ फेऱ्या होत होत्या, त्या जागी आता १७ होताना मारामार.

या दोन फेऱ्या कोणी खाल्ल्या? चिखलाने खाल्ल्या. पण मॉडेलमध्ये जर तीन टक्क्यांचा आकडा बारा महिने तसाच ठेवला असेल, तर कागद म्हणणार की ऑपरेटरने खाल्ल्या. आणि ठेकेदाराकडचा टिपर ड्रायव्हर, ज्याला फेरीमागे पैसे मिळतात, तो त्या दोन फेऱ्या भरून काढायला पाहणार. कुठे भरून काढणार? चढावर तर इंजिन चढत नाही. मग तो उतारावर रिकामी गाडी सोडणार आणि तिठ्यावर ब्रेक न लावता पुढे जाणार. अपघाताचा अहवाल लिहिताना मग 'चालकाचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द पुरतात. उघड्या खाणीतल्या जीवघेण्या अपघातांत डंपर आणि टिपर यांचा वाटा मोठा आहे, हे खाण सुरक्षा महासंचालनालय वर्षानुवर्षे सांगत आले आहे. त्यातल्या किती अपघातांचे मूळ ऑफिसात ठरलेल्या फेरीच्या वेळेत होते, हा प्रश्न मात्र चौकशीत क्वचितच विचारला जातो.

आमच्याकडे रेल्वेत काय चालते ते सांगतो. रेल्वे मोठी सत्पुरुष आहे असे आम्हाला म्हणायचे नाही, आमची भांडणे आम्ही जाणतो. पण काही गोष्टी जुन्या लोकांनी शहाणपणाने बांधून ठेवल्या आहेत. आमच्या वर्किंग टाइम टेबलात गाडीच्या धावण्याच्या वेळेत दुरुस्तीच्या कामासाठी वेगळी मिनिटे धरलेली असतात, त्याला इंजिनीअरिंग अलाउन्स म्हणतात. कुठे रूळ कच्चा असेल, पुलाचे काम चालू असेल, तर ड्रायव्हरच्या हातात लेखी कॉशन ऑर्डर दिली जाते: अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत ताशी २०. त्या कागदामुळे झालेला उशीर ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही. तो उशीर रस्त्याच्या खात्यावर लिहिला जातो.

दुसरे उदाहरण. एका मार्गावरून दिवसात किती गाड्या जातील हे काढायला आमच्याकडे स्कॉटचे सूत्र वापरतात. दिवसाची १४४० मिनिटे घ्यायची, सगळ्यात अवघड ब्लॉक सेक्शनात सगळ्यात हळू गाडीला लागणारा वेळ आणि ब्लॉक देण्याघेण्याचा वेळ यांच्या बेरजेने भागायचे, आणि आलेल्या उत्तराचे ७० टक्केच धरायचे. का? तर गाडी बिघडते, सिग्नल बिघडतो, गुरे आडवी येतात, माणूस थकतो. यंत्राच्या हिशेबात शंभर निघाले तरी माणसांच्या जगात सत्तर धरा, हे त्या सूत्रातच लिहून ठेवले आहे. आणि लक्षात घ्या, हिशेब सगळ्यात हळू गाडीवर केला आहे, सगळ्यात जलद गाडीवर नाही. तुमच्या खाणीच्या मॉडेलमध्ये हा सत्तरचा आकडा कुठे आहे, तो कितीचा धरला आहे, हे विचारायला कोणती बंदी आहे?

चढाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तिथला चढ ३७ ला १. तेवढ्या चढाला आजही मागून बँकर इंजिने लावावी लागतात, आणि उतरताना गाडी सुटली तर तिला अडवायला कॅच सायडिंग ठेवलेली आहे. तुमच्या हॉल रोडचा नेहमीचा चढ १६ ला १, म्हणजे बोरघाटाच्या दुपटीहून जास्त. रबर जमीन पकडून ठेवते म्हणून हे जमते. पण पाणी मारताना टँकरवाल्याचा हात सैल सुटला तर तीच पकड जाते. धूळ बसवायला पाणी हवे आणि ते जास्त झाले तर घसरण, म्हणून चढावर पाणी पट्ट्यापट्ट्यांनी मारायचे, मध्ये कोरडी जागा सोडायची, हे जुना टँकरवाला न शिकवता सांगतो. ते मात्र कुठल्याही मॉडेलमध्ये लिहिलेले आम्ही पाहिले नाही. आमच्या कॅच सायडिंगसारखी सुटका वाट तुमच्या लांब रॅम्पवर आहे का, हेही एकदा पाहून या. विशेषतः जिथे ओबी खाणीतच मागे भरायची असते तिथे भरलेला डंपर उतरतो, आणि तिथला धोका वेगळाच.

नियमांबद्दल थोडक्यात. कोळसा खाण विनियम आधी १९५७ चे होते, नवे २०१७ साली आले. महासंचालनालयाच्या परवानगीच्या अटींत काही आकडे नेहमी येतात: चढ १६ ला १ पेक्षा तीव्र नको, छोट्या रॅम्पपुरता १० ला १ पर्यंत, शक्यतो वाहतूक एकेरी, ते जमत नसेल तर रस्त्याची रुंदी त्यावरच्या सगळ्यात मोठ्या गाडीच्या तिप्पट, आणि उंचवट्यावरच्या रस्त्याला मजबूत बांध. हे आकडे पाठ करा. खाणीत गाडी ५ मीटर रुंदीची असेल तर रस्ता १५ मीटरहून कमी चालणार नाही. पुढच्या वर्षी मोठा डंपर आला की तोच रस्ता बेकायदा अरुंद झाला, पण नकाशावरची रेघ जशीच्या तशी राहते. नवा डंपर येताना नारळ फुटतो, रस्ता मोजायला टेप कोणी आणत नाही.

मॉडेलच्या त्या तक्त्यात आणखी एक रकाना नसतो. रस्त्याच्या डोक्यावर काय उभे आहे? सगळ्यात जवळची वाट बऱ्याचदा उंच डंपच्या पायथ्याने जाते. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या राजमहाल प्रकल्पाच्या लालमाटिया खाणीत मातीचा प्रचंड ढिगारा सरकला आणि २३ कामगार त्यांच्या यंत्रांसह गाडले गेले. ते ठेक्यावर काम करणारे लोक होते. काळ्या मातीचे डंप पाणी पितात आणि फुगतात, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. डंपला भेग दिसली की त्याच्या पायथ्याचा तुकडा मॉडेलमधून त्या दिवशी बंद झाला पाहिजे आणि वाट लांबून गेली पाहिजे. फेऱ्या कमी होतील. होऊ द्यात.

तसेच पायी चालणारी माणसे. पंप खलाशी, केबल हलवणारे, सॅम्पल घेणारे, पाळी बदलताना जीपमधून उतरणारे. संगणकाच्या ठिपक्यांमध्ये यांतला एकही नाही. मोठ्या डंपरच्या केबिनमधून पुढच्या बाजूला कित्येक फूट जमीन दिसतच नाही, जीपसुद्धा त्यात नाहीशी होते. म्हणून जीपगाडी आणि डंपर यांचे रस्ते वेगळे काढा ही मागणी सोयीची नाही, जिवाची आहे, आणि रस्ता कागदावर असतानाच ती करावी लागते. एकदा बेंच कापून झाले की जागा नाही म्हणून सांगतात.

आता संगणकाविषयी. संगणक नको अशी आमची भूमिका नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास तांब्याच्या खाणीत डंपरना शॉव्हेल वाटून देणारी यंत्रणा बसली, आणि आता आपल्याकडेही कोल इंडियाच्या खाणींत उपग्रहावरून गाडीची जागा टिपणारी अशी यंत्रणा आली आहे. तिचे नाव 'ऑपरेटर इंडिपेंडंट ट्रक डिस्पॅच सिस्टिम'. नावातच ऑपरेटरला वेगळे काढले आहे, ते असो. या यंत्रणेत प्रत्येक गाडी कुठे किती सेकंद थांबली याची नोंद होते. ती नोंद चार्जशीट द्यायला वापरता येते, तशी आपल्यालाही वापरता येते. गाडी रॅम्पवर हळू का होती, शॉव्हेलखाली ११ मिनिटे का उभी होती, ग्रेडर त्या तुकड्यावर शेवटचा कधी फिरला, हे सगळे त्याच नोंदींतून निघते. मात्र ती नोंद आपल्याला मिळाली पाहिजे. एकाच्या हातात काठी आणि दुसऱ्याच्या डोळ्यावर पट्टी असे चालणार नाही.

एका खाणीतली हकिकत सांगतो, नाव सांगत नाही. तिथल्या कंत्राटी टिपर ड्रायव्हरांना पावसाळ्यातही उन्हाळ्याचेच फेऱ्यांचे माप लावले होते आणि कमी पडणाऱ्या फेरीमागे पैसे कापले जात होते. पोरांनी आरडाओरडा केला, कोणी ऐकले नाही. मग आमच्या सल्ल्याने त्यांनी एक शंभर पानी वही घेतली. दहा दिवस प्रत्येक पाळीत दोन गाड्यांच्या प्रत्येक फेरीची वेळ लिहिली: रॅम्पच्या पायथ्याला किती वाजले, माथ्यावर किती वाजले. आणि पाळीच्या सुरुवातीला रॅम्पवर तीन ठिकाणी लोखंडी पट्टीने चाकोरीची खोली मोजली, ती ओव्हरमनच्या देखत. वही टेबलावर ठेवली तेव्हा खाणीच्या प्लॅनिंगच्या तरुण इंजिनीअरनेच तिच्यावरून संगणकात आकडे घातले, आणि वेळा जुळल्या. पावसाळ्याचे माप वेगळे झाले. कापलेल्या पैशांपैकी सगळे परत आले नाहीत, त्याचे भांडण अजून चालू आहे. पण त्या रॅम्पवर आठवड्याला फिरणारा ग्रेडर रोज फिरू लागला आणि वर ओबीतला वालुकाश्माचा थर पडला. रस्ता सुधारला की फेऱ्या वाढतात, डिझेल आणि टायर वाचतात, हे व्यवस्थापनालाही कळते. उघड्या खाणीच्या चालू खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग वाहतुकीत जाऊ शकतो, मग त्यांना कळायला हरकत काय? फक्त आकडे हवे होते, आणि ते रस्त्यावरच्या माणसांकडे होते.

मॉडेलची हद्द बहुतेक वेळा हॉपरपाशी संपते. तिथून सायडिंगपर्यंत कोळसा टिपरने गावातून जातो तिथे तुमचीच मुले शाळेत जातात. अलीकडे खाणीपासून रेल्वेपर्यंत पट्ट्याने कोळसा नेऊन सायलोतून थेट वॅगन भरायचे प्रकल्प होत आहेत. गावातली धूळ कमी होईल हे चांगलेच. पण त्या टिपरवरच्या ड्रायव्हर-क्लीनरचे पुढे काय, हे त्या प्रकल्पाच्या कागदावर आम्हाला कुठे दिसले नाही. त्यासाठी वेगळी बैठक लावावी लागेल, आज एवढेच नोंदवून ठेवतो.

कामाचे सांगतो. १९५५ च्या खाण नियमांनी आपल्याला खाण सुरक्षा समिती मिळवून दिली आणि २०२० च्या नव्या संहितेतही सुरक्षा समितीची तरतूद आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी मागा: हॉल रोडच्या प्रत्येक तुकड्याला धरलेला चढ, धरलेली ओढ आणि धरलेला वेग. उन्हाळा आणि पावसाळा यांचे आकडे वेगळे मागा. रस्ता खराब असेल त्या पाळीला कॉशन ऑर्डरसारखा लेखी कागद ऑपरेटरला मिळावा आणि त्या पाळीचे माप त्याप्रमाणे कमी व्हावे, हा ठराव मांडा. नवा रॅम्प आखताना त्या रस्त्यावर रोज चालवणारे दोन ऑपरेटर, एक कायम आणि एक ठेक्याचा, जागेवर नेले जावेत. कायम आणि ठेक्याचा एकत्र, हे विसरू नका. रस्ता दोघांचा एकच आहे, आणि ठेक्यावाल्याला एकट्याने सही करायला लावली तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास जातो.

वह्या आम्ही बरोबर आणल्या आहेत, आणि पट्ट्याही. प्रत्येक खाणीतून दोन नावे जेवणाच्या सुट्टीआधी कार्यालयीन चिटणिसांकडे द्या, म्हणजे रकाने कसे भरायचे ते दुपारच्या वर्गात करून दाखवता येईल.